गोव्यातल्या लहान ठेकेदाराने डिजिटल कामाला सुरुवात कुठून करावी

डिचोलीतल्या एका घरात न्हाणीघरात शिरताना आजही एक पायरी चढावी लागते. नकाशात ती नव्हती. आर्किटेक्टने न्हाणीघराची जागा बदलली, सुधारित ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर आले, मी ते साइटच्या ग्रुपवर ढकलले आणि दुसऱ्या साइटला निघून गेलो. सेंटरिंगवाल्याच्या (स्लॅबचा साचा बांधणाऱ्याच्या) फोनमध्ये आधीचे ड्रॉइंग होते, त्याने तेच उघडले. सनकन स्लॅब, म्हणजे पाइपांसाठी खोलगट ठेवलेला न्हाणीघराचा स्लॅब, जुन्या जागी बसला. काँक्रीट पडल्यावर चौथ्या दिवशी प्लंबर आला, वर बघत उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, पाइप कुठून काढू?" शेवटी नव्या जागेची फरशी सहा इंच उचलून खालून पाइप नेले. घरमालकाची आई पंच्याहत्तरीची आहे. ती बाई रोज ती पायरी चढते.

यात सेंटरिंगवाल्याचा दोष नव्हता. कुठले ड्रॉइंग चालू आणि कुठले रद्द, हे पाहण्याची एक ठरलेली जागा मी साइटवर ठेवली नव्हती. ती ठेवायला एक रुपयाही लागला नसता.

डिप्लोमा किंवा बी.ई. करून नुकत्याच साइटवर आलेल्या मुलामुलींसाठी आणि वडिलांची ठेकेदारी हातात घेतलेल्यांसाठी मी हे लिहितो आहे. काम एखाद्या बंगल्याचे असो की बारा-पंधरा फ्लॅटच्या इमारतीचे, क्रम हाच ठेवा. सॉफ्टवेअर शेवटी घ्या. त्याच्या आधी नोंद करायची सवय लागली पाहिजे, आणि ती सवय हातातल्या फोनवर लागते.

१. वाद कशावरून होतो ते शोधा

पंधरा दिवस खिशात एक छोटी वही ठेवा. काम कशामुळे अडले, काय तोडून पुन्हा केले, कोणाशी वाजले, हे रोज संध्याकाळी एकेका ओळीत लिहा. पंधराव्या दिवशी वही वाचून काढा. कुणाच्या वहीत पुन्हा पुन्हा जांभ्या चिऱ्यांचा हिशेब येईल, कुणाच्या हजेरी, कुणाच्या ड्रॉइंगचा घोळ. जे सर्वांत जास्त वेळा आले तेवढेच आधी फोनवर आणा. बाकीचे सध्या कागदावरच चालू द्या.

उलट क्रमाने गेलेले बरेच जण मी पाहिले आहेत. डेमो बघतात, वर्षाचे पैसे भरतात आणि महिन्याभरात साइट पुन्हा वहीवर येते. ॲप सुपरवायझरला चाळीस गोष्टी विचारते, त्याला त्यातल्या चारच ठाऊक असतात आणि उरलेले रकाने तो मनाने भरतो. मनाने भरलेली नोंद रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट, कारण पुढे कोणीतरी तिच्यावर विश्वास ठेवतो.

२. ड्रॉइंगला एकच घर द्या

फर्मच्या नावाने एक गूगल खाते उघडा. इंजिनियरच्या खासगी खात्यावर काम करू नका, तो नोकरी सोडून गेला की ड्रॉइंगही त्याच्याबरोबर जातात. फुकट मिळणारी १५ जीबी जागा एका लहान कामाला पुरते, फक्त व्हिडिओ त्यात भरू नका.

प्रत्येक कामाचा एक फोल्डर करा आणि त्यात दोनच उपफोल्डर ठेवा : 'चालू' आणि 'रद्द'. नवे ड्रॉइंग आले की जुने आधी 'रद्द'मध्ये हलवायचे, मगच नवे 'चालू'मध्ये टाकायचे. हे काम एकाच माणसाकडे द्या. फाइलच्या नावात कामाचे नाव, ड्रॉइंगचा विषय, सुधारणेचा क्रमांक आणि तारीख लिहा : 'पहिला मजला प्लंबिंग, आर३, १२ मार्च'. फाइल पीडीएफच असू दे. कागदाचा फोटो काढून पाठवला की माप वाचता येत नाही, तीनाचा आठ होतो.

मग 'चालू' फोल्डरच्या लिंकचा क्यूआर कोड छापून घ्या, लॅमिनेट करा आणि स्टोअरच्या दाराला चिकटवा. मेस्त्री, फिटर, प्लंबर कोणीही आला तरी त्याने तो स्कॅन करूनच ड्रॉइंग उघडायचे. ग्रुपवर ड्रॉइंग पाठवणे त्या दिवसापासून बंद. पहिले दोन आठवडे तुम्हाला स्वतः दाराशी उभे राहून हे करून घ्यावे लागेल. साइट सत्तरी, धारबांदोड्याकडे आत असेल आणि रेंज मिळत नसेल तर सुपरवायझरच्या फोनमध्ये तो फोल्डर ऑफलाइन ठेवा आणि रोज सकाळी रेंजमध्ये असतानाच ताजा करून घ्यायला सांगा.

३. आलेला माल गाडीपाशीच नोंदवा

साधी गूगल शीट पुरे. तारीख, माल, चलनाचा (मालाबरोबर येणाऱ्या पावतीचा) क्रमांक, चलनातला आकडा, मोजलेला आकडा, चलनाचा फोटो. यातला 'मोजलेला आकडा' हा रकाना सर्वांत मोलाचा. संध्याकाळी ऑफिसात बसून चलनावरून शीट भरली तर तुम्ही फक्त पुरवठादाराचा कागद उतरवून काढलात.

चिरे घ्या. गाडी रिकामी होताना मोजणे सोपे, ढीग लागल्यावर अवघड. किती आले, किती फुटके, हे दोन्ही आकडे गाडीवाल्यासमोर लिहा आणि फुटक्यांचा फोटो तिथेच काढा. पाऊस संपल्यावर खाणींकडून गाड्या सुरू झाल्या की सगळ्यांना एकदम चिरे हवे असतात आणि घाईत मोजणी सुटते.

सळईचे वजन काट्यावर होते, पण साइटवरही ताळा घेता येतो. व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचे किलोतले वजन. १२ मिमी सळई : १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८८९ किलो. १२ मीटरच्या एका नगाचे १०.६७ किलो. दोन टनांत सुमारे १८७ नग यायला हवेत. आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे १२ मिमीच्या सळईला वजनात पाच टक्के कमीजास्त चालते, त्यामुळे दोन-चार नगांवरून भांडू नका. पण दोनशेच्या पुढे नग मोजले गेले, तर त्या सळईचा एक मीटरचा तुकडा कापून तोलून बघा. हे सूत्र शीटमध्ये एकदा घालून ठेवले की सुपरवायझरने फक्त नग लिहायचे, वजन आपोआप समोर येते. माझ्या एका सुपरवायझरला शीटची गोडी या एका रकान्याने लागली. आपण लिहिलेल्या आकड्यावरून फोन काहीतरी सांगतो, हे त्याने पहिल्यांदा पाहिले.

सिमेंटच्या गोणीवर भरल्याचा आठवडा किंवा महिना छापलेला असतो, तोही नोंदवा. दमट हवेत गोणीतले सिमेंट लवकर घट्ट होते आणि जुनी गोणी मागे राहून जाते.

४. प्रत्येक ओतणीला क्रमांक द्या

या लेखातले एकच काही उचलायचे असेल तर हे उचला. साइटवर जेव्हा जेव्हा काँक्रीट पडेल, मग ते दोन फुटिंग असोत की सगळा स्लॅब, त्या ओतणीला एक क्रमांक द्या : ओ-१, ओ-२, ओ-३. त्या दिवसाचे फोटो, आरएमसीचे (प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटचे) चलन, ताकद तपासायचे क्यूब (काँक्रीटचे ठोकळे), हजर माणसे, हवामान, सगळे त्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये. सहा महिन्यांनी कोणी एका कॉलमकडे बोट दाखवले तर पाच मिनिटांत त्याची जन्मकुंडली उघडता आली पाहिजे.

ओ-७ हा १२०० चौरस फुटांचा स्लॅब आहे असे धरू. बीमसकट साधारण २० घनमीटर काँक्रीट.

ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी फोटो काढायचे. लांबून काढलेल्या सुंदर फोटोचा उपयोग नाही. टेप सळईला लावून, आकडा वाचता येईल इतक्या जवळून काढा. एका फोटोत दोन सळयांमधले अंतर, एकात बीमच्या रिंगा, एकात लॅप (दोन सळया एकमेकींवर चढतात ती जागा), आणि एकात खाली कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून उचलून धरणारे ठोकळे). फोटोवर तारीख व ठिकाण उमटवणारी फुकट ॲप आहेत, त्यातले एक सर्वांच्या फोनमध्ये टाकून द्या. फोटो थेट ओतणीच्या फोल्डरमध्ये चढवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो गेला की तो दाबून लहान होतो आणि मूळ फाइलमधली वेळेची नोंद निघून जाते, पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कव्हरच्या, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराच्या, फोटोवर मी अडून बसतो, त्याला गोव्याची हवा कारण आहे. आयएस ४५६ : २००० च्या तक्त्यात किनाऱ्याच्या हवेला उघडे असलेले काँक्रीट 'सिव्हिअर' वर्गात येते. त्याला ४५ मिमी नाममात्र कव्हर आणि सळईच्या कामाला किमान एम ३० ताकदीचे काँक्रीट सांगितले आहे. समुद्राच्या पाण्याचे तुषार उडतात तिथे वर्ग आणखी एक पायरी चढतो आणि कव्हर ५० मिमी होते. तुमची साइट कुठल्या वर्गात बसते ते स्ट्रक्चरल इंजिनियर ठरवेल. तुमचे काम त्याने लिहिलेले कव्हर प्रत्यक्षात बसले की नाही ते पाहण्याचे. खारट हवा आत शिरली की सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. कळंगुट, मोरजीच्या पट्ट्यात बाल्कनीच्या पोटातून डोकावणाऱ्या तांबड्या सळया तुम्ही पाहिल्या असतील.

ओतण्याच्या दिवशी प्रत्येक आरएमसी गाडीच्या चलनावर प्लांटमधून निघाल्याची वेळ असते. गाडी साइटवर आल्याची आणि रिकामी झाल्याची वेळ शेजारी लिहा. आयएस ४९२६ प्रमाणे माल भरल्यापासून दोन तासांत काँक्रीट उतरले पाहिजे. म्हापशाच्या बाजारातून किंवा फोंड्याच्या चौकातून गाडी यायची असेल तर संध्याकाळच्या वेळी ते दोन तास भुर्रकन जातात.

मग क्यूब. १६ ते ३० घनमीटरच्या कामाला तीन नमुने, प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब, म्हणजे २८ दिवसांच्या परीक्षेसाठी नऊ. ७ दिवसांनी अंदाज हवा असेल तर त्यासाठी वेगळे भरा. क्यूबवर रंगाने 'ओ-७' लिहा, तारीख लिहा आणि त्याचा फोटो काढा. फोनच्या कॅलेंडरमध्ये ७ व्या आणि २८ व्या दिवशी आठवण लावा. क्यूब हौदात पडून राहतात आणि चाळिसाव्या दिवशी कोणाला तरी आठवतात, हे मी इतक्या साइटवर पाहिले आहे की ही आठवण लावल्याशिवाय मी साइट सोडत नाही.

४ जानेवारी २०१४ ला काणकोणला, चावडी भागात, बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि कित्येक कामगार गेले. कॉलमच्या आत काय गेले हे काँक्रीट पडायच्या आधीच पाहता येते, नंतर नाही. ओतणीचा फोल्डर रिकामा असेल तर मिक्सर चालू करायचा नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळतो. घरमालक घाई करत असला तरी.

५. माणसांना त्यात त्यांचे काहीतरी दिसले पाहिजे

आपल्याकडचे बरेच कामगार कर्नाटक, ओडिशा, झारखंड, बिहार, बंगालमधून येतात. त्यांच्या हातात फोन असतो, पण मराठी फॉर्म देऊन उपयोग नाही. चित्र, आकडा आणि आवाज यांवर काम चालवा. माझे एक मेस्त्री लिहीत नाहीत. ते संध्याकाळी एका मिनिटाचा आवाजी निरोप पाठवतात : किती माणसे, कुठली भिंत, किती थर, उद्या काय लागेल. इंजिनियर मुलगी तो ऐकून शीट भरते. इतकी नेमकी नोंद मला कुठल्याच फॉर्ममधून मिळालेली नाही.

सुरुवात चेहरा ओळखणाऱ्या हजेरीने करू नका. आपल्यावर पाळत बसली असे माणसांना वाटते आणि पुढचे सगळेच बिघडते. आधी त्यांचा फायदा दाखवा. दर शनिवारी प्रत्येकाला त्याच्या फोनवर आठवड्याचे दिवस, उचल आणि बाकी, हे तीन आकडे पाठवा. हिशेब स्वतःच्या खिशात आला की हजेरी चुकली तर माणूस आपणहून सांगायला येतो. आणि कामगारांच्या आधार कार्डांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. ती त्यांची खासगी माहिती आहे, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा नसता तरी ते चूकच होते.

६. पावसापासून उलटे मोजा

वेळापत्रकासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. शीटमध्ये आडवे आठवडे, उभी कामे. फक्त आखणी जूनच्या पहिल्या आठवड्यापासून मागे करत या. कौले किंवा वरचा स्लॅब त्याआधी व्हायचा असेल तर प्लिंथ (जोते) कधी, पाया कधी, चिरे कधी मागवायचे, हे आपोआप उलगडते. शिगमा, मे महिन्यात गावी जाणारी माणसे आणि चतुर्थीचे दिवस आधीच रंगवून ठेवा.

हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा रोज सकाळी बघून शीटमध्ये लिहा. पावसाने किती दिवस काम थांबले याची ही रोजची नोंद मुदतवाढ मागताना कामी येते. तोंडी सांगितलेले 'खूप पाऊस होता' कोणी मानत नाही. फोनसाठी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घ्या, ओल्या बोटाने पडदा चालत नाही म्हणून नोंद राहून जाते.

७. मोजणी आणि ड्रोन

लेझरचा मीटर लगेच घ्या, प्लास्टर आणि फरशीचे माप एकट्या माणसाला घेता येते. टोटल स्टेशन (जमीन मोजणीचे यंत्र) विकत घेऊ नका, मोजणीदाराला बोलवा. पण त्याच्याकडून छापील नकाशावर समाधान मानू नका. बिंदूंची सीएसव्ही फाइल (आकड्यांचा तक्ता) आणि डीडब्ल्यूजी (नकाशाची कॅड फाइल) दोन्ही मागा. पेडणे, बार्देशच्या उतारावरच्या प्लॉटमध्ये कापणी-भरणीचा हिशेब त्या बिंदूंवरूनच निघतो, आणि जेसीबीवाल्याशी होणारा वाद तिथेच मिटतो. पातळीची खूण विहिरीच्या कठड्यासारख्या न हलणाऱ्या जागी करा आणि तिचा फोटो ठेवा.

ड्रोनने मोठ्या प्लॉटचे काम झटपट होते, पण आपल्या लहानशा राज्यात दोन विमानतळ आहेत : दाबोळी, तोही नौदलाच्या तळावर, आणि जानेवारी २०२३ पासून मोपा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. लष्करी जागांचे निर्बंध वेगळे. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशात आपला प्लॉट बघा आणि ड्रोनवाल्याकडे नोंदणी व पायलटचे प्रमाणपत्र मागा.

८. सरकारी कागद

एक-चौदाचा उतारा (जमिनीवरच्या हक्कांची सरकारी नोंद) आणि सर्व्हेचा नकाशा ऑनलाइन पाहता येतो. काम घेण्याआधी तो स्वतः उघडा. मालकाचे नाव बघून थांबू नका, कुळाचा आणि इतर हक्कांचा रकानाही वाचा.

जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर सूट आहे, त्यापुढचा विक्रीचा प्रकल्प गोवा रेराकडे (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे) नोंदवावा लागतो आणि बिल्डरला दर तिमाहीला प्रगती भरावी लागते. ती माहिती शेवटी तुमच्याकडूनच जाते. ओतणीचे फोल्डर नीट असतील तर एका दुपारचे काम. रेरा कायद्यात बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे असते, तेव्हा काम संपले म्हणून फोल्डर पुसू नका. दर महिन्याला सगळे एका हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती साइटवर न ठेवता घरी ठेवा.

९. बीआयएम (इमारतीचे त्रिमितीय मॉडेल)

इथवरच्या सवयी एका कामावर टिकल्या की मगच त्रिमितीय मॉडेलकडे वळा. एका बंगल्यासाठी महागडा परवाना घेऊ नका. फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आर्किटेक्ट दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत असेल तर त्याच्याकडून मॉडेलची आयएफसी फाइल मागा, ती बहुतेक सगळीकडे उघडते.

पहिले मॉडेल छपराचे करा. आपल्याकडच्या घरांना उतरती छपरे, मंगळुरी कौले आणि दोन उतार मिळतात तिथे खोल पन्हळ. कागदावर ती एक तिरकी रेघ दिसते. मॉडेलमध्ये छप्पर फिरवून पाहिले की कळते : या पन्हळीत दोन्ही बाजूंचे पाणी येते आणि पुढे नेमकी गच्चीची भिंत आडवी आहे. जुलैतली गळती फेब्रुवारीत पडद्यावर दिसते आणि तेव्हा ती भिंत फूटभर सरकवायला काही लागत नाही. त्यानंतर बीम आणि ड्रेनेजचे पाइप एकत्र बसवून बघा.

१०. चावीबरोबर फोल्डर द्या

प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीसमोर टेप उभा धरून एक फोटो काढा. वायरिंगच्या नळ्या, पाण्याचे पाइप, सगळे त्यात दिसले पाहिजे. खोलीचे नाव आणि भिंतीची दिशा फाइलच्या नावात लिहा : 'स्वयंपाकघर, दक्षिण'. घराची चावी देताना हा फोल्डर मालकाच्या फोनवर उघडून दाखवा. गेल्या वर्षी साखळी गावातल्या एका गृहिणीने भिंतीला पाण्याचा फिल्टर लावायला माणूस बोलावला. त्याने ड्रिल लावायच्या आधी तिने फोन पुढे केला, पाइप कुठून जातो ते दाखवले आणि भोक चार बोटे डावीकडे पाडायला सांगितले.